पत्र्यातले गाव

"बाबा, दारं उलटी बसवलीत तुम्ही."

उस्ता शाझलीने मान वर केली नाही. गच्चीवर उसाच्या पाचटाने शाकारलेल्या मांडवाखाली तो मांडी घालून बसला होता. समोर जस्ताच्या पत्र्याचा भलामोठा थाळा, थाळ्यात नाइलच्या मातीची चिमुकली घरे, आणि हातात काडीला चिंधी गुंडाळून केलेला कुंचला.

"उलटी म्हणजे?"

"सगळी दारं नदीकडे हवीत. पुस्तकात तसं आहे."

"सगळ्यांची? मागच्या रांगेतल्यांची पण? त्यांना काय दिसायचं मग, पुढच्यांची पाठ?"

"गाव उतारावर होतं, बाबा. एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याला नदी दिसायची." इनास त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "तुम्ही पुस्तक वाचलं असतं तर कळलं असतं."

आंबवलेल्या पिठाच्या, उन्हात फुगायला ठेवलेल्या भाकऱ्यांवरचे फडके सारखे करत तिची आई करीमा म्हणाली, "वाचेल की तुझा बाप. परीक्षाही तोच देईल. उद्या तुझं लग्न ठरलं की नवरीच्या खुर्चीवर पण त्यालाच बसवू."

"तू भाकऱ्या बघ," शाझली म्हणाला, आणि त्याने पहिले घर अलगद उपटून फिरवले.

इनास मुलींच्या शाळेत सातवीत जाणार होती. सुट्टी लागायच्या दिवशी ग्रंथालयाच्या तहियाबाईंनी प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक ठेवले होते आणि सांगितले होते, "मला सारांश नको. सारांश मला पाठ आहेत. पुस्तक वाचून तुम्हाला जे वाटेल ते मला दाखवा. चित्र काढा, बाहुली शिवा, भाकरी भाजून आणा, गाणं म्हणा. फक्त 'लेखक म्हणतो की' असं लिहून आणू नका." सुट्टीच्या शेवटी शाळेत प्रदर्शन भरणार होते. अस्वानहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, आणि ते निवडतील त्या मुलीला अलेक्झांड्रियाच्या शिबिराला पाठवणार होते. इनासने समुद्र पाहिला नव्हता. तिच्या बापानेही पाहिला नव्हता.

बापाचा सगळा जन्म पाण्यात गेला होता, पण ते पाणी कालव्याचे. कोम ओम्बोच्या आसपास उसाच्या मळ्यांतून जेवढे पंप धडधडत, त्यांतल्या निम्म्यांची आतडी शाझलीने कधी ना कधी बाहेर काढून परत घातलेली होती. एखादा पंप बंद पडला तर लोक आधी विचारत, शेवटचा हात कुणाचा लागला होता? शाझलीचा, असे कुणी म्हटले की पंप उघडायच्या आधी डिझेल संपले नाही ना ते बघत. सगळे त्याला 'उस्ता' म्हणजे मिस्त्री म्हणत. तो स्वतः फुशारकी मारत नसे. पण कुणी हे त्याच्यासमोर बोलले की तो उगीचच हातातला पाना पुसत उभा राहायचा.

शाळा त्याने लवकर सोडली होती. मामा त्याला इस्नाहून घेऊन आला तेव्हा त्याला धड मिशीही फुटली नव्हती. अस्वानला मोठे धरण झाल्यावर इकडे बारमाही पाणी आले, नवे मळे झाले, आणि पंपांना माणूस हवा होता. त्याला अक्षरे लागत, पण पुस्तक घेऊन बसायची सवय नव्हती. म्हणून त्याने मुलीला सांगून टाकले होते, "तू गोष्ट सांग. मी गाव बसवतो."

गोष्ट धरणाच्या वरच्या अंगाला नाइलकाठी राहणाऱ्या नूबी लोकांतल्या एका मुलीची होती. धरणाचे पाणी चढणार म्हणून तिचे गाव उठते. सरकारी आगबोट येते, माणसे सामान बांधतात आणि निघून जातात. एवढेच. पण शेवटच्या सकाळी मुलीची आई उठून सगळे घर सारवते आणि भिंतींना चुना लावते.

"बुडणाऱ्या घराला चुना?" शाझलीने विचारले होते.

"हो."

"डोकं फिरलं असेल बाईचं."

"मला पण नीट कळलं नाही," इनास म्हणाली. "पण तिथे मला रडू आलं."

शाझलीने तिच्याकडे जरा बघितले आणि पुन्हा माती मळायला घेतली. रडण्याचे काय करायचे ते त्याला माहीत नव्हते. पाण्याचे काय करायचे ते माहीत होते. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपमधून मोडीतल्या ट्रकची काच धुणारा लहानसा पंप घेऊन आला. थाळ्याला भोक पाडून त्याने खालून रबरी नळी जोडली, खाली पाण्याचा डबा, बाजूला बॅटरी, बॅटरीवर एक बटण. माती विरघळू नये म्हणून घरांना त्याने जवसाच्या तेलाचे हात दिले.

"दाब," तो म्हणाला.

इनासने बटण दाबले. थाळ्याच्या मधोमध कोरलेल्या नदीत पाणी झिरपले, काठापर्यंत आले आणि मग सावकाश उतार चढू लागले. पहिली रांग गेली, खजुरीची झाडे गेली, दुसऱ्या रांगेची दारे गेली. शेवटी नुसता मशिदीचा मिनार वर राहिला. शाझलीने बटण बंद करून नळीची तोटी उघडली तसे पाणी परत डब्यात उतरले आणि ओले, चकाकणारे गाव जसेच्या तसे बाहेर आले.

इनास टाळ्या पिटत नाचली. तिने पुन्हा बुडवले, पुन्हा काढले. करीमासुद्धा हातातले पीठ झटकून बघायला आली आणि म्हणाली, "इनासच्या बापा, तू सरकारात असतास तर आपल्याला पण बुडवलं असतंस."

तहियाबाईंनी गच्चीवर येऊन गाव बुडताना आणि वर येताना बघितले. मग त्यांनी इनासला विचारले, "यात तुझं किती आणि बाबांचं किती?"

"माती बाबांची," इनास म्हणाली. "दारं माझी."

"मग दारांवर अजून काम कर. नूबी घराच्या दारावर काय काय असायचं ते विचार कुणाला तरी. रुकय्याची आजी आहे की."

रुकय्या इनासच्या वर्गात होती. धरणाने उठवलेल्या नूबी लोकांची वस्ती गावापासून थोड्याच अंतरावर होती. सरकारने बांधून दिलेली एकासारखी एक घरे, सरळ रांगांत, नदीपासून लांब. रुकय्याची आजी, नबरा, अंगणात चटईवर बसून खजुराच्या पात्याच्या टोपल्या विणायची. इनासने विचारले आणि ती सांगत गेली. दारावर चिनी मातीच्या बशा बसवायचे, भिंतीतच. कुणी मगरीचे चित्र काढायचे, कुणी बोटीचे. कुणाच्या दारावर किती बशा यावरून बायका वर्षानुवर्षे एकमेकींशी अबोला धरायच्या.

"आणि आजी, निघताना खरंच चुना लावला का घराला?"

"मी नाही लावला," नबरा आजी म्हणाली. "सासूनं लावला. मी तिच्यावर चिडले होते. कोंबड्या पकडायच्या सोडून ही भिंती रंगवतेय म्हणून. शेवटी दोन कोंबड्या राहिल्याच तिथं." ती विणायची थांबली. "आम्ही इथं आलो तेव्हा घरंसुद्धा पुरी झाली नव्हती. पहिलं काय बांधून पूर्ण केलं माहितेय? कबरस्तान. लहान लहान कबरी."

इनासने खाली पडलेली पात उचलून तिच्या हातात दिली. ती घेत आजीने विचारले, "तुझ्या बापानं गाव केलंय म्हणे. मला दाखवशील?"

"शाळेत या ना. प्रदर्शनाला."

पाण्याचे तिने सांगितले नाही. परत येताना पिकअपच्या मागच्या फळीवर बसून आजीसमोर गाव बुडवायचे, या विचाराशीच ती सारखी येऊन अडकत होती. त्या दिवसापासून तिने बटणाला हात लावला नाही. दारांवर अंड्याच्या टरफलांचे कपचे बशा म्हणून चिकटवत बसली.

प्रदर्शनाच्या सकाळी थाळा पिकअपमध्ये चढवून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, पाण्याचा डबा नको घ्यायला."

"का?"

"आज पाणी नको सोडायला."

शाझलीला ऐकू आले, पण कळले नाही. "अगं, पाण्यासाठीच तर सगळं. घरं काय, कुणीही करतं."

"रुकय्याची आजी येणारेय."

"मग येऊ दे. तिलाही बघू दे."

"बाबा."

"इनास, ऊन चढायच्या आत पोचायचंय." डबा त्याने स्वतः उचलून ठेवला. त्याला वाटले, पोर घाबरली आहे. चारचौघांत उभे राहायचे म्हटले की त्याचे स्वतःचेही हात गार पडत.

शाळेच्या दालनात बाके भिंतीला लावून टेबले मांडली होती. कुणी पुस्तकातल्या राजाचा झगा शिवला होता, कुणी गोष्टीचा शेवट बदलून त्याचे नाटक बसवले होते. एका मुलीने पुस्तकातल्या आंधळ्या न्हाव्याच्या डोक्यातले आवाज दाखवायला डब्यांचा एक वाजणारा पंखा केला होता. शाझलीच्या टेबलाभोवती मात्र गर्दी होती. कुणी तरी आधीच बातमी फोडली होती की ह्यात पूर येतो. चहावाला अब्बूद, साखर कारखान्यातले दोघे, पोरींचे बाप, सगळे येऊन विचारत होते, "उस्ता, कधी सोडणार?" आणि शाझली म्हणत होता, "साहेब येऊ देत."

साहेबांच्या आधी नबरा आजी आली. काळ्या पायघोळ झग्यात, एका हाताने रुकय्याला धरून. लोक बाजूला झाले. तिने थाळ्याकडे बघितले आणि तशीच उभी राहिली. रुकय्याने खुर्ची आणली, पण ती बसली नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून वाकली.

"तू नूबाचा का रे?" तिने शाझलीला विचारले.

"नाही, आजी. इस्नाचा."

"मग कुठं पाहिलंस?"

"पोरीनं सांगितलं तसं केलं."

आजीने एक बोट पुढे केले आणि नदीच्या काठाने हळूहळू वर नेले. वाटेत ती नावे घेत होती. शब्द त्यांच्या बोलीतले होते, शाझलीला कळले नाहीत, पण नावे आहेत एवढे कळले. तिसऱ्या रांगेतल्या एका घरापाशी बोट थांबले. त्या दारावर इनासने टरफलाच्या बशा जरा जास्तच लावल्या होत्या. आजी हसली. "ही माझ्या सासूची मिजास," ती म्हणाली. मग शालीचे टोक बोटाला गुंडाळून तिने त्या घराच्या छपरावरची धूळ पुसली आणि हात तिथेच ठेवला.

शाझलीला त्या लोकांची हकीकत ठाऊक नव्हती असे नाही. वस्तीतले पाण्याचे पंप तोच बघायचा. धरणाने त्यांना उठवले आणि त्याला पोटाला दिले, हे दोन्ही त्याला माहीत होते. फक्त एका जागी ठेवून त्याने कधी बघितले नव्हते. आता बघत होता. थाळ्यातले गाव त्याला पहिल्यांदा कुणाचे तरी वाटले.

साहेब आले ते घाम पुसत. गळ्यात टाय, मागे तहियाबाई आणि मुख्याध्यापिका. त्यांनी गाव वाकून बघितले, वाहवा केली आणि म्हणाले, "हेच का ते? चल मुली, सोड पाणी. मला पुढे एदफूला जायचंय."

इनास जागची हलली नाही.

"सोड ना. हे बटण का?"

"पाणी सोडायचं नाही," इनास म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी कान पुढे केला.

"का नाही? पुस्तकात गाव बुडतं ना? मग तू वाचलंस काय?" ते रागावले नव्हते. शिक्षक असतानाच्या सवयीने ते विचारत होते. "सांग बरं. सगळ्यांना कळेल असं सांग."

इनासने आजीकडे बघितले. कारण सांगायचे तर ते आजीच्या तोंडावर, सगळ्या दालनासमोर सांगावे लागणार होते. आजी आपल्या घरावर हात ठेवून नुसती एकेकाकडे बघत होती. टेबलाखाली डबा आहे, नळी आहे, हे तिला अजून दिसले नव्हते. इनासचे डोळे भरून आले. तहियाबाई पुढे झाल्या, पण त्यांच्या आधी शाझली बोलला.

"पंप बिघडलाय, साहेब."

"बिघडला?" साहेब म्हणाले.

"सकाळीच बंद पडला. पोरीला सांगायला लाज वाटतेय. माझीच चूक. नीट बसवला नाही मी."

"कुणाचा पंप?" मागून अब्बूदने विचारले. "उस्ता शाझलीचा?"

"माझाच."

आधी कारखान्यातला एक जण हसला, मग सगळे. वाईट मनाने नव्हे. इतकी वर्षे जी गोष्ट घडली नव्हती ती घडली, म्हणून हसले. "डिझेल बघा रे," कुणी तरी म्हणाले, आणि पुन्हा हशा उठला. शाझली हात मागे बांधून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. इनास बापाकडे बघत होती आणि बाप समोरच्या भिंतीकडे बघत होता. तहियाबाईंना पंप चालतो की नाही हे चांगले ठाऊक होते. त्यांनी साहेबांना हळूच पुढच्या टेबलाकडे वळवले.

अलेक्झांड्रियाला आंधळ्या न्हाव्याचा पंखा करणारी मुलगी गेली. इनास दोन दिवस फुगून होती, तिसऱ्या दिवशी विसरली. म्हणजे विसरल्यासारखे केले. करीमाने त्या दोन्ही दिवशी नवऱ्याला काही टोमणा मारला नाही, यावरून शाझलीला कळले की तिला सगळे कळले आहे. गावातले लोक मात्र विसरले नाहीत. तो अब्बूदकडे चहाला टेकला की कुणी तरी म्हणायचेच, "उस्ता, ट्रकचा चालत नाही म्हणे, मळ्यातला तरी चालेल ना?" तो म्हणायचा, "चालवून बघा." एकदा एका बड्या मळेवाल्याने नवा पंप बसवायला खरोखरच एदफूहून दुसरा माणूस बोलावला. ते शाझलीला लागले. त्या दिवशी तो जेवला नाही, पण खरे काय ते कुणाला सांगितलेही नाही.

मग एका शुक्रवारी नमाजानंतर त्याने थाळा पुन्हा पिकअपमध्ये चढवला. आजीने मागून घेतला होता. डबा, नळी, बॅटरी त्याने घरीच ठेवली. इनास शेजारी बसली, मांडीवर ओल्या मातीची पिशवी घेऊन. वाटेत कुठे तडा गेला तर असावी म्हणून.

आजीच्या घरात थाळा खाली सिमेंटवर ठेवला आणि रुकय्या शेजारपाजारी सांगून आली. बघता बघता खोली बायकांनी भरली. शाझली संकोचून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. कुणी तरी त्याला थंड करकदे, अंबाडीच्या फुलांचे लाल सरबत, आणून दिले. आतून त्यांच्या बोलीत एकच कलकलाट चालला होता. भांडण वाटावे इतका. मध्येच हशा, मध्येच सगळे गप्प, की पुन्हा एकीचा चढा आवाज.

जरा वेळाने इनास दारात आली. "बाबा, आत बोलावतायत. मशीद चुकीच्या जागी बसलीय म्हणतात."

"पुस्तकात तिथेच होती ना?"

"पुस्तकातलं गाव वेगळं. यांचं वेगळं."

शाझली आत गेला. बायकांनी सरकून जागा केली. त्याने मशीद उपटून वरच्या अंगाला हलवली, एकीला पटली, दुसरीला नाही, पुन्हा हलवली. विहीर नव्हती, ती केली. दोन घरांमध्ये भिंत नको होती, ती काढली. नबरा आजी बाजेवर बसून वरून हुकूम सोडत होती, आणि रुकय्या त्याला अरबीत सांगत होती. त्याच्या हातांना कधी नव्हे इतके मालक मिळाले होते.

एक म्हातारी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. गर्दी जरा विरळ झाल्यावर ती पुढे येऊन खाली बसली. तिने बोट नदीच्या काठावर ठेवले आणि दक्षिणेकडे नेत नेत नेले. घरे संपली, खजुरी संपल्या, थाळ्याची कड आली. बोट कडेवरून खाली उतरले, तसेच सिमेंटवरून हातभर पुढे गेले आणि थांबले. ती काही तरी बोलली.

"तिचं घर इथे होतं म्हणते," रुकय्या म्हणाली.

शाझलीने पत्र्याच्या कडेकडे बघितले. मग म्हातारीच्या बोटाकडे. त्याने पिशवीतून मातीचा गोळा काढून तळहातावर मळला.

"विचार तिला," तो म्हणाला, "खोल्या किती होत्या?"

म्हातारीने सांगितले. बोट तिने उचलले नाही. शाझली सिमेंटवर ओणवा झाला आणि त्या बोटाच्या भोवतीच त्याने पहिली भिंत घातली.